३२ मेगापिक्सेल जंगलात कशाला? डी७५०० की ९०डी

गोरेवाडाकर:
भाच्याला कॅमेरा घ्यायचाय. फिरणं मुख्यतः नागपूरजवळची उमरेड-कऱ्हांडला आणि पेंच ही जंगलं, उन्हाळ्यात जमलं तर ताडोबा. नव्याचं बजेट नाही, वापरलेलाच घेणार. छाटत छाटत दोन उरलेत: निकॉन डी७५०० (२०१७चा) आणि कॅनन ९०डी (२०१९चा). दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान), दोन्ही अजून धडधाकट. भाचा ९०डीवर अडून बसलाय, कारण काय तर त्यात ३२.५ मेगापिक्सेल आणि डी७५००मध्ये २०.९. आकडा मोठा म्हणजे फोटो मोठा, असं कोणीतरी डोक्यात भरवून दिलंय.

माझं मत उलट आहे. आपल्याकडे जनावर दिसतं कधी? गेट उघडल्यावर पहिल्या तासाभरात, नाहीतर संध्याकाळी गाड्या परतीला लागताना. म्हणजे नेमका उजेड नसतो तेव्हा. १/५०० शटर मिळवायचं तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, ६४०० करावाच लागतो. तिथे डी७५०० निभावून नेतो. निकॉनने डी५०० या वरच्या कॅमेऱ्याचाच सेन्सर आणि प्रोसेसर त्यात घातलाय, हे लोक विसरतात. शिवाय बफर बघा, म्हणजे कार्डावर लिहिण्याआधी फोटो थांबवून ठेवायची जागा. डी७५०० रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या फाइलीत) सलग ५० फ्रेम घेतो. ९०डी सेकंदाला १० फ्रेम मारतो खरा, पण पंचविसाच्या आसपास अडकतो. अडीच सेकंदांत खेळ खलास. वाघीण रस्ता ओलांडते, मागून पिल्लं यायची असतात आणि कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला.

कोणाला पटत नसेल तर बोला.

पांढरी_लेन्स:
पटत नाही. हिशेब अर्धाच केलात.

९०डीचा एकेक पिक्सेल सुमारे ३.२ मायक्रॉनचा, डी७५००चा ४.२. समजा तारेवर नीलपंख बसलाय आणि तुम्हाला याहून जवळ जाता येत नाही. ४०० मिमी लेन्स लावून ९०डी त्या पक्ष्यावर जितके पिक्सेल टाकतो, तितके टाकायला डी७५००ला सव्वापाचशे मिमी लागेल. म्हणजे कॅननवर त्यांची १००-४०० मिमी झूम लावली की निकॉनच्या २००-५०० मिमी झूमची बरोबरी झाली, वर थोडं उरलंच. आणि वजन? १००-४०० ची दुसरी आवृत्ती दीड किलोच्या जराशी वर. निकॉनची २००-५०० ट्रायपॉडच्या कॉलरसकट २.३ किलो! जिप्सीत पुढच्याचं डोकं, बाजूच्याची कोपर आणि हातात हा खलबत्ता.

नॉइजचंही तेच. ९०डीचा फोटो १०० टक्के झूम करून बघितला तर दाणे दिसणारच. तोच फोटो २० मेगापिक्सेलवर आणा आणि मग शेजारी ठेवा. फरक शोधत बसाल.

गोरेवाडाकर:
पिक्सेल पडतील हो, पण त्यांच्यात भरायला उजेड कुठून आणणार? ४०० मिमी एफ/५.६ म्हणजे उजेड आत यायला साधारण ७१ मिमीचं तोंड. ५०० मिमी एफ/५.६ म्हणजे ८९ मिमीचं. क्षेत्रफळ काढा, दीडपटीहून जास्त येतं. त्याच नीलपंखाकडून माझ्या लेन्समध्ये दीडपट उजेड येतोय. एफ नंबर म्हणजे लांबी भागिले तोंड, तो सारखा म्हणून लोक फसतात. दुपारी बाराला तुमची बरोबरी मान्य, सकाळी सहाला नाही.

आणि वापरलेली २००-५०० ज्या पैशात मिळते, त्यात तुमच्या कॅननच्या त्या महागड्या एल मालिकेच्या लेन्सची पुढची बाजू तरी येईल का?

पांढरी_लेन्स:
दीडपट उजेडाचं गणित बरोबर, पण २.३ किलो हातात धरून सकाळी सहाला १/५०० वर हात स्थिर राहिला तर त्याचा उपयोग. पैसे कमी असतील तर सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६०० दोन्ही माउंटमध्ये (लेन्स बसवायच्या खाचेसाठी) मिळते. मग लेन्सचा मुद्दाच बाद, उरतो फक्त कॅमेरा. आणि फोकसचं काय? ९०डीचे ४५ पॉइंट सगळे क्रॉस टाइप, म्हणजे आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. डी७५००चे ५१ असले तरी क्रॉस टाइप त्यातले १५च, तेही मधोमध.

बीनबॅग:
तुम्ही दोघं बी घरी बसून भांडून राहिले राजेहो. मे महिन्यात या ना जंगलात. नऊ वाजले का जमीन तापते, हवा थरथरते. शंभर मीटरवर वाघ पाण्यात बसला असन तर ३२ मेगापिक्सेलमध्ये बी लिबलिबीत अन २० मध्ये बी लिबलिबीत. फक्त ३२ मध्ये लिबलिब मोठी करून पाहाले भेटते. त्यातून दोन्ही कंपन्यांनी कॅमेरा ४० डिग्रीपर्यंतच वापरा म्हणून लिहून ठेवलं आहे. आपल्या इथं ४५ होते. पांढरा दुपट्टा घ्या अन दोन फोटोच्या मधात कॅमेऱ्यावर टाकून ठेवा, एवढंच सांगतो.

अन लेन्स हातात धरतेच काहून? जिप्सीच्या दांड्यावर बीनबॅग ठेवा. तांदूळ भरा का मूग भरा. दीड किलो अन सव्वादोन किलो तिथं सारखेच. पण चालत्या गाडीत लेन्स बदलाल तर सेन्सरवर अशी धूळ बसते का आभाळाच्या प्रत्येक फोटोत तेच ठिपके. कॅमेरा कोणता बी घ्या, एकच लेन्स लावून निघा.

महालची_पोर:
सगळे वाघावरच काय बसलात? कॅमेरा वर्षभर घरी असणार. माझं बरंचसं काम मिरवणुका आणि लग्नं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला नागपूरच्या इतवारीत उभं राहून दाखवा. काळी आणि पिवळी समोरासमोर येतात तेव्हा व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला जागाच नसते. कॅमेरा डोक्यावर धरायचा आणि स्क्रीन बघून मारायचं. ९०डीचा स्क्रीन बाजूला उघडून हवा तसा फिरतो, उभ्या फ्रेमलाही चालतो. शिवाय लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे स्क्रीनवर बघून फोटो काढताना, त्याचं ड्युअल पिक्सेल फोकस चेहऱ्याला चिकटून राहतं. डी७५००चा स्क्रीन वर-खाली होतो, पण लाइव्ह व्ह्यूत फोकस पुढे-मागे शोधत बसतो. तोवर बडग्याचा पुतळा पुढच्या चौकात.

व्हिडिओचं तर बोलूच नका. डी७५०० फोरकेमध्ये फ्रेम आणखी दीडपट कापतो. १८ मिमी लावली तरी चाळिशीसारखी दिसते. मांडवात पाठ भिंतीला टेकून उभी राहिले तरी नवरा-नवरी दोघं मावत नाहीत. ९०डीत पूर्ण रुंदीचं फोरके मिळतं.

पांढरी_लेन्स:
घ्या! आणि ताडोबात मोबाइल आत नेऊ देत नाहीत. व्हिडिओ काढायचा तर कॅमेऱ्यातच.

ट्राफिक_पार्क:
आजच्या काळात आरशाचा कॅमेरा? कॅनन आणि निकॉन दोघांनी २०१८लाच मिररलेसची (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांची) नवी माउंट काढली, २०२० नंतर नवा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा कॅमेरा, आणलेला नाही. थांबा, पैसे जमवा, कॅननचा आर७ किंवा निकॉनचा झेड५० टू घ्या.

बीनबॅग:
पैसे जमेस्तोवर पोराचं लग्न होते, मंग कॅमेरा राह्यते बाजूला.

गोरेवाडाकर:
ट्राफिक पार्क, विषय दोनांचाच ठेवू. लेन्स पुढे अडॅप्टरने मिररलेसवर चालतात, तेव्हा घेतलेलं वाया जात नाही. निकॉनच्या स्क्रू-ड्राइव्हवाल्या (फोकसला बॉडीतली मोटर लागणाऱ्या) जुन्या डी लेन्स मात्र तिथे ऑटोफोकस करत नाहीत. डी७५००च्या बॉडीत मोटर आहे, त्यामुळे ५० मिमी १.८ डीसारखी स्वस्तातली लेन्सही यावर झकास चालते.

बर्डीवरचा:
वापरलेला घेताय म्हणून सांगतो. निकॉनच्या कोणत्याही मूळ फोटोच्या माहितीत शटर काउंट (आजवर शटर किती वेळा चाललं तो आकडा) असतो, विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेला फोटो मागवून घरबसल्या बघता येतो. कॅनन ९०डी तो आकडा फोटोत लिहीत नाही, कॅमेरा कॉम्प्युटरला जोडून बघावा लागतो. कंपनीच्या हिशेबाने डी७५००चं शटर दीड लाखाचं, ९०डीचं १ लाख २० हजाराचं. लग्नवाल्याकडचा कॅमेरा दोन सीझनमध्ये कुठल्या कुठे जातो. महालची पोर, राग मानू नका.

महालची_पोर:
राग कसला, माझा आहेच विकायला. ९०डी. आकडा विचारू नका.

भाचा_बोलतोय:
मामा, धागा वाचला. इथे एक गोष्ट तुम्ही कोणालाच सांगितली नाही. तुमच्या कपाटात निकॉनची २००-५०० पडून आहे. मी डी७५०० घेतला तर ती लेन्स वापरात येईल, हेच ना?

पांढरी_लेन्स:
अरे देवा. आणि आम्ही इथे ७१ आणि ८९ चे वर्ग करत बसलो.

गोरेवाडाकर:
मग त्यात वावगं काय? घरात लेन्स असताना पोराने दुसरी विकत घ्यावी? उजेडाचं गणित त्यामुळे बदलतं का? लेन्समधले पैसे वाचले तर त्यात दोन सफाऱ्या जास्त होतील.

महालची_पोर:
बदलतं ना. लेन्स फुकट मिळत असेल तर माझंही मत डी७५००ला. मारबतीला माझा मागून न्या, आणून द्या म्हणजे झालं.

भाचा_बोलतोय:
पण मामा, गेल्या वेळी गोरेवाडा तलावावर मी ती लेन्स मागितली तर तुम्ही दुर्बीण दिली होती.

गोरेवाडाकर:
देतो म्हटलं ना. अटी तीन. पट्टा कायम गळ्यात. पेंचच्या सिलारी गेटच्या आत माउंटवरून काढायची नाही. आणि मी सोबत येणार.

भाचा_बोलतोय:
तुम्ही सोबत असलात तर ती माझ्या हातात किती वेळ राहणार?

बीनबॅग:
दोन बीनबॅग घेऊन या. तांदूळ मी देतो.