थंडीत बर्न आणि फ्रिबूर

आईबाबांना घेऊन जानेवारीत स्वित्झर्लंडमधल्या झुरिकहून एका दिवसात कुठे जाता येईल, असं तुम्ही विचारलंय. बाकी सगळ्यांनी बर्फाची शिखरंच सुचवली आहेत. माझं मत बर्नला. रेल्वेने जेमतेम तासाभराचा प्रवास, आणि जुन्या गावात सुमारे ६ किलोमीटर दगडी कमानींखालून चालता येतं. बाहेर पाऊस पडो की बर्फ, डोक्यावर छप्पर असतंच. वयस्कर माणसांसाठी ही फार मोठी सोय आहे.

झिटग्लॉगे घड्याळाच्या मनोऱ्यासमोर तास पडायच्या पाचेक मिनिटं आधीच उभे राहा. कोंबडा आधी आरवतो, मग छोट्या अस्वलांची मिरवणूक गोल फिरते. खालचं खगोलीय घड्याळही नीट बघा.

दुपारी तिथून विसेक मिनिटांवरच्या फ्रिबूरला जरूर जा. तिथली १८९९ सालची फ्युनिक्युलर (चढावर केबलने चालणारी छोटी रेल्वे) अजून गावाच्या सांडपाण्यावर चालते! वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, त्या वजनाने तो उतरतो आणि केबलने खालचा डबा वर ओढला जातो. इंजिन नाहीच. थोडा वास येतो, पण असलं काही दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

पाचच्या सुमाराला अंधारतं, म्हणून सकाळी लवकर निघा. सेव्हर डे पास (स्विस रेल्वेचं दिवसभराचं सवलतीचं तिकीट) जितका आधी काढाल तितका स्वस्त पडतो. रविवारी गावातली बहुतेक दुकानं बंद असतात, खायचं सामान स्टेशनवरच घ्या. बाबांच्या बुटांना चांगली पकड असू द्या, फ्रिबूरचे उतार ओले असले की फार घसरडे होतात.