मदत हवी आहे: सरकारी डेपोतलं सागवान घरासाठी घेताना वाहतूक पास किती लागतात?

गुहागर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराची भालं (छपराच्या तुळया) आणि वासे वाळवीने गेलेत. साधारण 60 घनफूट, म्हणजे पावणेदोन घनमीटरच्या आसपास सागवान लागेल. वनखात्याच्या डेपोतल्या लिलावात घ्यायचा विचार आहे.

डेपोत जाऊन थप्प्या बघून आलो. माल चांगला आहे, पण लॉट मोठे. तिथे एवढंच कळलं की बोली ऑनलाइन, आधी नोंदणी करून अनामत भरायची. ओळखीचा व्यापारी म्हणतो, "तुम्ही कशाला भानगडीत पडता, मी देतो." त्याचा भाव ऐकूनच भानगडीत पडायचं ठरवलं.

पॅन कार्ड आहे, जीएसटी नोंदणी नाही, व्यापार करायचा नाही. आमच्या जागेतली झाडं तोडायची नाहीत, त्यामुळे 1964 च्या वृक्षतोड कायद्याची परवानगी वगैरे कृपया सुचवू नका. सिमेंटचे पत्रेही नकोत! आणि मिरगाआधी छप्पर व्हायला हवं.

खरी अडचण वाहतुकीची. ओंडके डेपोतून आधी चिपळूणच्या सॉ मिलवर जाणार, तिथे कापून मग गावी येणार. डेपोतून मिळणारा वाहतूक पास मिलपर्यंतचाच असतो ना? मग ओंडक्यावरचा वनखात्याचा हातोड्याचा शिक्का कापलेल्या मालावर उरत नाही, तर माल डेपोतलाच आहे हे कसं दाखवायचं?

अलीकडे घरासाठी असा माल कोणी आणला असेल तर सांगा: मिल ते घर दुसरा पास काढावा लागला का, कोणाच्या सहीने, आणि किती दिवस लागले? शिवाय दोन-तीन घरांनी मिळून एक लॉट घेतला तर पास प्रत्येकाच्या नावे वेगळा मिळतो का?