प्रति: बेळगाव ‘स्मार्ट’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

या चर्चेत वर एका दादांनी लिहिलंय की स्मार्ट सिटी म्हणजे कंट्रोल रूम आणि चौकाचौकात कॅमेरे. २०१६ मध्ये केंद्राच्या स्मार्ट सिटी योजनेतल्या पहिल्या २० शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हापासून चर्चा तेवढ्यावरच अडकलीय. आपल्याकडचा खरा प्रयोग त्याआधीचा, पाण्याचा. वर्ल्ड बँकेच्या कर्जातून २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, गुलबर्गा आणि बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी तेच, बदलले ते पाइप आणि घरोघरचे मीटर. वॉर्डात सोडलेल्या पाण्यातून घरांच्या मीटरांची बेरीज वजा केली की गळती किती ते लगेच कळतं. शिवाय पाइपात कायम दाब असला की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत शिरत नाही. कॅमेऱ्याला हे कुठून दिसणार?

आमच्या गल्लीत अजून व्हॉल्व सोडणाऱ्यालाच फोन करून विचारायचं, पाणी कधी येणार. मग टाकी, पिंप, घागरी, दिसेल ते भरून ठेवायचं.

आणि हो, तक्रारीचं ॲप काढाल तर त्यात मराठीही असू द्या. कन्नड नोटीस शेजारच्या पोराकडून वाचून घेणाऱ्या आज्या बेळगावातल्या शहापूर-वडगाव भागात काही कमी नाहीत.