'सर्टिफिकेट भाड्यानं द्या' म्हणणाऱ्या भाऊंना

चोपड्याची फार्मासिस्ट: काल या ग्रुपवर एका भाऊंनी बारावीच्या पोरांना सल्ला दिला: 'डी.फार्म. म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करा, फार्मासिस्टचं सर्टिफिकेट एखाद्या मेडिकलला लावून द्या, घरबसल्या भाडं घ्या आणि एमपीएससीचा अभ्यास करा.' खाली दीडशे अंगठे! सर्टिफिकेट म्हणजे निम्मेबटाईनं द्यायचं शेत वाटलं का?

गेल्या पावसाळ्यात एक आजी तोंड आलंय म्हणून मलम मागायला आल्या. जीभ सोललेली, पाणीही गिळवेना. बाकी काय गोळ्या चालू आहेत विचारलं, तर पदराच्या गाठीतून पट्टी काढली. मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, आजी सहा दिवस रोज घेत होत्या. दुसऱ्या दुकानातल्या पोरानं 'रोज एक' सांगितलेलं. त्या दुकानात भिंतीवर सर्टिफिकेट आहे, सर्टिफिकेटवाला पुण्यात. मी डॉक्टरांना फोन लावला, आजींना त्याच दिवशी ॲडमिट केलं.

करायचंच असेल तर नीट करा. बारावी सायन्स, मग दोन वर्षं डी.फार्म., वर किमान तीन महिन्यांत 500 तास ट्रेनिंग. 2022 च्या नियमांनी नोंदणीआधी द्यायची एक्झिट परीक्षाही आणली आहे. नाहीतर सीईटी देऊन चार वर्षांचं बी.फार्म. मग फार्मसी कौन्सिलची नोंदणी. 1948 च्या फार्मसी कायद्याचं कलम 42 वाचा, औषध फार्मासिस्टनंच द्यायचं असतं. फ्रेमनं नाही.

धुळेकर (सल्ला देणारा मीच): ताई, तुम्हनं बठ्ठं खरं शे, पन पोट कायद्यानं भरत नाही. डी.फार्म. झाल्यावर मला पहिला पगार नऊ हजार मिळाला, सकाळी नऊ ते रात्री दहा. रविवारीही अर्धा दिवस. स्वतःचं टाकावं तर 10 चौरस मीटरचा गाळा, फ्रिज, माल, वर डॉक्टरच्या शेजारची जागा म्हणून पागडी. बापाचा कापूस किती वर्षं विकायचा?

चोपड्याची फार्मासिस्ट: पगाराचं रडगाणं खरं आहे, मान्य. पण तो नऊ हजारांवर का अडकला? मालकाला तुमच्यासारख्यांची कागदं स्वस्तात मिळतात म्हणून!

सावद्याचा केळीवाला: हे तुमचं घरचं भांडण राहू द्या. आधी सांगा, मेडिकलवाले पट्टी का कापत नाहीत? मला चार गोळ्या लागतात, गळ्यात दहाची पट्टी. घरात एक डबा भरलाय उरलेल्या गोळ्यांचा.

मेडिकलवाला, अमळनेर: कापतो हो रोज. पण एक्स्पायरी छापलेलं टोक तुम्हाला हवं, उरलेल्या सहा मी कोणाला देऊ? कापलेली पट्टी कंपनी परत घेत नाही. तुम्ही व्यापाऱ्याला घडातून दोन फण्या कापून देता का?

सावद्याचा केळीवाला: केळी चार दिवसांत काळी पडते, गोळी दोन वर्षं टिकते. दाखला तरी नीट द्या! अन् बॅच नंबर, एक्स्पायरी बिलावर लिहून दिली की झालं. पण तुम्ही बिल देताच कुठे?

मेडिकलवाला, अमळनेर: बिल मागणारे महिन्यात चार. बाकीचे 'वहीत मांडा, केळी कटली की देतो'. माझ्या वहीत तुमच्या गावाची तीन पानं आहेत, नावं लिहू?

सावद्याचा केळीवाला: लिहा! माझं नाव निघालं तर आजच फोनपे करतो.

चोपड्याची फार्मासिस्ट: अहो, थांबा दोघं. पट्टी कापण्यात गुन्हा नाही, मीही कापते. अडतं ते अँटिबायोटिकला. चिठ्ठी पाच दिवसांची आणि माणूस म्हणतो 'दोनच दिवसांच्या द्या'. औषध नियमांच्या एच-वन यादीतल्या गोळीला रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, नग, सगळं लिहावं लागतं, ते तीन वर्षं जपायचं. हे काम भाड्याचा कागद करणार आहे का?

धुळेकर: बरं बाई, जिंकलात. सल्ला काढून टाकतो. दीडशे अंगठे गेले, त्याची भरपाई कोण देणार तेवढं सांगा.

पारोळ्याची आई: मध्येच विचारते, माफ करा. मुलीला बारावीला बायोलॉजी आहे, गणित नाही. चालेल का?

चोपड्याची फार्मासिस्ट: चालतं ताई. फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत बायो किंवा गणित, एक पुरे. डी.फार्म.नंतर बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं. ॲडमिशनआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, तेवढं बघा. आणि सुटीत तिला माझ्या काउंटरला पाठवा, चार दिवस उभं राहून बघू दे.

सावद्याचा केळीवाला: आणि माझ्या डब्यातल्या गोळ्यांचं काय करू?