पंचगंगेच्या काठावरचा ऊस वीस फूट मागे घ्यावा का?

काठकरी:
माझं मत सरळ आहे, घ्यावाच. प्रयाग चिखलीपासून शिरोळपर्यंत कुठंही बघा, उसाची शेवटची सरी पाण्यावर लोंबकळत असते. वाळुंज, करंज, उंबर आपणच तोडले, आणि दरड कोसळली की नदीला शिव्या. उसाची मुळी वरच्या दोन-तीन फुटांतच पसरते, एवढा उंच काठ तिनं कसा धरावा? वीस फुटांत वाळा, बांबू, करंज लावा. शेतातलं पाणी गवतात अडखळलं की गाळ तिथंच बसतो.

खोडवाबहाद्दर:
म्हणायला काय जातंय! तीनशे फूट काठ असला तर साडेपाच गुंठे गेले. पंचवीस गुंठ्यांच्या मालकानं खायचं काय? आणि दरडीचं खरं कारण बंधारा आहे. त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढल्या की पाणी झपकन उतरतं, भिजून जड झालेल्या काठाचा आधार सुटतो आणि तो घसरतो. नदी घाण म्हणाल तर आधी कोल्हापूरचं सांडपाणी आणणाऱ्या जयंती नाल्याचं बोला. शेतकऱ्याला धरणं सोपं असतंय.

वरच्या_अंगाचा:
तुम्ही दोघंही खालीच बघताय. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. तिथं जेसीबी लावून डोंगरउतार सपाट करायचे, माती अडवणाऱ्या जुन्या ताली मोडायच्या, मग पहिल्या पावसात पंचगंगेला मिळणारी कुंभी नदी चहाच्या रंगाची होणारच. वीस फुटांची पट्टी हे सगळं अडवणार नाही.

काठकरी:
वरचं काम हवंच, पण म्हणून खालचं सोडायचं? बरग्यांचा मुद्दा मान्य. म्हणूनच तर खोल मुळाची झाडं पाहिजेत. नाल्याचं म्हणाल दादा, तर मातीही काही निर्दोष नाही. स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीच्या कणाला चिकटून नदीत जातो, सांडपाण्यातल्या खताला येऊन मिळतो आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी, फोफावतं. तळाच्या खड्यांवर गाळ बसला की तिथं अंडी घालणाऱ्या माशांची वीण बुडते. शिवाय गढूळ पाणी पिण्यायोग्य करायला तुरटी जास्त लागते, त्याचा भुर्दंड शहराला.

मळीवरची_वहिनी:
आम्ही काठाला हत्तीगवत लावलंय. जमीन गेली असं वाटत नाही, चार म्हशींची वैरण निघते. 2021 च्या पुरात नवी लावण वाहून गेली, जुनी ठोंबं राहिली. आणि भाऊजी, तोडणीनंतर फुटलेल्या खोडव्यात वाळल्या पानांचं पाचट पेटवता की सरीत ठेवता? ठेवलं तरी पावसाचा मार निम्मा तिथंच मोडतो. त्याला एक गुंठाही सोडावा लागत नाही.

खोडवाबहाद्दर:
पाचट ठेवतो वहिनी, ते पटतंय. पण काठाचा पोयटा वीटभट्टीला विकणाऱ्यांबद्दल इथं कुणी चकार शब्द काढला नाही! एका उन्हाळ्यात काठ खरवडून नेतात.

काठकरी:
बरोबर. ते आधी बंद व्हावं. पट्टी तरीही हवी.

खोडवाबहाद्दर:
मग पैशाचं बोला. बांबू तोडायला येईस्तोवर चार वर्षं जाणार. उसाला सोसायटीचं पीककर्ज मिळतं, बिल येतं. त्या साडेपाच गुंठ्यांचं तोवर कोण देणार? नदी सगळ्यांची म्हणता, मग पाणी पिणाऱ्या शहरानं पाणीपट्टीत चार पैसे वाढवून द्यावेत. तयार आहात काय?