ऑस्ट्रेलियाचा मधला भाग इतका ओसाड का राहिला?

नकाशावेडा: नॉर्दर्न टेरिटरी सुमारे साडेतेरा लाख चौरस किलोमीटर, माणसं अडीच लाखांच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या डार्विन परिसरात. साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेलाही तीच गत. वाळवंट आहे, हे कळतं. पण तिथे वस्ती करून बघायचा कुणी प्रयत्नच केला नाही का?

मेंढीकोट: केला की, आणि चांगलाच अंगाशी आला! मी अ‍ॅडलेडला नोकरीला होतो तेव्हा सुट्टीत साउथ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला क्वॉर्न गावाहून हॉकर गावाकडे गाडी काढायचो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना दगडी घरं. छप्पर गेलेलं, चौकटी वाळवीने खाल्लेल्या, धुराडं मात्र ताठ उभं. मेंढपाळांची असतील असं वाटतं, पण त्यातली बरीच गव्हाच्या शेतकऱ्यांची.

1865 साली, मोठ्या दुष्काळात, तिथला सर्व्हेअर-जनरल (जमीनमोजणी खात्याचा प्रमुख) जॉर्ज गॉयडर घोड्यावरून फिरला आणि नकाशावर एक रेषा मारून मोकळा झाला. पावसाच्या नोंदी फारशा नव्हत्याच, म्हणून गड्याने झुडपं बघितली. मॅली (निलगिरीच्या जातीची बुटकी झाडं) संपून सॉल्टबुश (कोरड्या, खारट जमिनीत तगणारं झुडूप) लागलं, की तिथून पुढे पावसाचा भरवसा नाही. रेषेच्या दक्षिणेला नांगर धरा, उत्तरेला फक्त मेंढ्या-गुरं चारा.

पुढे काही वर्षं पाऊस बरा झाला. लोक गॉयडरची टिंगल करू लागले. 'नांगर पुढे, पाऊस मागे', म्हणजे जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो, असं तेव्हा खरोखरच मानलं जायचं. 1874 मध्ये सरकारनेही रेषेचं बंधन काढून टाकलं. रेषेपलीकडे गावं आखली, जमिनी उधारीवर दिल्या, रेल्वे नेली. सुरुवातीला पीकही आलं, हीच खरी गोम. 1880 पासून पावसाने दगा दिला आणि माणसं कर्ज मागे ठेवून निघून गेली. मला विचाराल तर शेतकऱ्यांपेक्षा त्यांना तिकडे धाडणाऱ्यांचा दोष मोठा.

पाणवठा: मेंढीकोट, सगळं मान्य, पण 'ओसाड' हे गव्हाच्या नजरेतून. तिथल्याच फ्लिंडर्स डोंगररांगांत आद्न्यामाथान्हा हे मूळनिवासी लोक हजारो वर्षं राहत आलेत. त्यांना झरे ठाऊक होते. टेलिग्राफची तार टाकणाऱ्यांनी तरी वेगळं काय केलं? पोर्ट ऑगस्टा ते डार्विन ही 1872 ची तारेची लाइन मधल्या टापूत झऱ्यांच्या माळेला धरूनच गेली. आणि सामान वाहायला उंट! 1866 मध्ये कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांचे हाकारे पोर्ट ऑगस्टाला उतरले. त्यांना सरसकट 'अफगाण' म्हणायचे; बलुची, सिंधी, पंजाबी सगळे त्यातच. मोटारी आल्यावर उंट सोडून दिले, आता रानटी होऊन बसलेत.

नकाशावेडा: धन्यवाद मंडळी! पण एक कळेना. जमिनीच्या पोटात ग्रेट आर्टेशियन बेसिन हा एवढा मोठा पाण्याचा साठा आहे, मग बोअर मारून शेती का नाही करत?

मेंढीकोट: खोल बोअरचं पाणी कडकडीत गरम येतं, काही ठिकाणी उकळत्याच्या जवळ. वर त्यात सोडियमचे क्षार. गुरं ते गार झाल्यावर पितात, म्हणून गुरं पाळायची प्रचंड मोठी कुरणं (तिकडे त्यांना 'स्टेशन' म्हणतात) चालतात. तेच पाणी वर्षानुवर्षं शेताला दिलंत तर चिकणमाती घट्ट होते, पाणी मुरत नाही. शिवाय जुनी बोअर उघडी वाहत राहिल्याने दाब घटला होता. ती बंद करायचं काम गेली कित्येक वर्षं चालू आहे.