बीएमएक्स: गल्लीतली आणि मोबाईलमधली. तुमचे अनुभव सांगा

टेकडीवाला
काल लेकीला क्लासला सोडून बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक मुलगा मोबाईल मांडीवर ठेवून दोन बोटांनी बीएमएक्स, म्हणजे उड्या-कसरतींची छोटी सायकल, उडवत होता. एक बोट हँडलवर, दुसरं सीटवर. टचग्राइंड बीएमएक्स २ नावाचा गेम. मागच्या बोटानं झटका दिला की अख्खी सायकल हँडलभोवती गर्रकन फिरते, पुढच्यानं दिला की नुसतं हँडल. मी बघतच बसलो. लेक येऊन उभी राहिली तरी पत्ता नाही.

आमची नव्वदीतली गल्ली आठवली. २० इंची चाकं, हँडलच्या आडव्या दांडीला फोमची गादी. रस्ता कायम खोदलेला, त्यामुळे मातीचा ढीग आयता. त्यावर फळी टाकली की रॅम्प तयार. उडी मारेपर्यंत सगळे ओरडणार, पडला की सगळे गायब.

तर लिहा. खरी चालवली असेल तर ते, गेम खेळत असाल तर ते. दोन्ही करणाऱ्यांना दंडवत.

सदाफुली
फोमची गादी!! भावाच्या सायकलची ती गादी आईनं काढून आजीच्या काठीच्या मुठीला बांधली होती. आजी खूश. भाऊ आठवडाभर फुगून.

निवांत_नाना
आमच्या वेळी तासावर भाड्यानं मिळायची. मोठी काळी, नळीखालून पाय घालून चालवायची. फोमबिम लाड नव्हते. चालू द्या तुमचं.

मी_अनु
गेमवाली हजर. पम्प्ड बीएमएक्स, कल्याण स्लोमध्ये. उतारावर बोट दाबून धरायचं, चढाच्या टोकाला सोडायचं. जरा आधी सोडलं तर उडी फुसकी, उशीर झाला तर तोंडावर. एक लेव्हल कधीची अडली होती ती डोंबिवलीच्या आधी सुटली, मी हात वर केला तो थेट शेजारणीच्या मेथीच्या जुडीत. तिनं आधी मोबाईलकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या केसांकडे.

टेकडीवाला
@मी_अनु 😂 पण खऱ्या ट्रॅकवरही हेच असतं हो. उतारावर हातापायांनी सायकल खाली दाबायची, चढावर अंग हलकं सोडायचं. पेडल न मारता वेग वाढतो. गेमवाल्यांनी हे अचूक पकडलंय. मनगटाला बसणारा दणका तेवढा नाही देता आला त्यांना.

अळूवडी
आम्ही अमेरिकेत शार्लटला असतो, रॉक हिलचा बीएमएक्स ट्रॅक अर्ध्या तासावर. लेक शर्यतीत उतरतो. सुरुवातीची टेकाडं दोन, ५ मीटरचं आणि थोरामोठ्यांचं ८ मीटरचं. मोठ्यावर एकदा हौसेनं चढले, खाली वाकून बघितलं आणि गपचूप मागे फिरले.

आठजण पुढचं चाक गेटला टेकवून पेडलवर उभे राहतात, पाय जमिनीला नाही. स्पीकरवर 'रायडर्स रेडी, वॉच द गेट', मग पिप पिप आणि गेट धाडकन खाली. आवाज आणि पिप यांच्यातलं अंतर दरवेळी मागेपुढे, म्हणजे अंदाजानं आधी निघायची सोय नाही. मिनिटाच्या आत सगळं आटोपतं. त्यासाठी आम्ही पहाटे उठून डबे भरतो!

२०२४ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप इथेच झाली. कोलंबियाची एक आई शेजारी होती, पोहे आवडीनं खाल्ले तिनं. त्यांच्या मारियाना पाहोननं २०१२ आणि २०१६ ला ऑलिंपिक सोनं घेतलंय, त्यामुळे तिच्या पोरीच्या सायकलवर मारियानाचा स्टिकर.

झणझणीत
पोहे गार झाल्यावर कसे लागतात? चिवट नाही होत?

अळूवडी
@झणझणीत जाडे घ्या, आणि लिंबू तिथे जाऊन पिळा.

चेन_पडली
कोल्हापूर, वडिलांचं सायकलचं दुकान, आता मीच बघतो. पोरं मागच्या ॲक्सलला पेग, म्हणजे पाय ठेवायच्या नळ्या, लावायला येतात. स्टंटसाठी? छे. मागे मित्राला उभं करायला. थोड्याच दिवसांत छर्रे गेलेले, चाकाला आऊट. "काका, ओव्हरऑइलिंग करा, पण पप्पांना सांगू नका."

खऱ्या स्टंटच्या सायकलला मागचं ॲक्सल १४ मिलीमीटरचं असतंय, म्हणून ते पेगवर आपटणं झेलतंय. आपलं बारीक, वाकणारच की. एक पोरगं जायरो मागत होतं. हँडल फिरवताना ब्रेकची वायर गुंडाळू नये म्हणून चकती बसवतात ती. म्हटलं नको खर्च, लई जण ब्रेक काढूनच चालवतात. दुसऱ्या दिवशी त्याची आई दुकानात. 🙏

पडीक_पंच
टोकियो ऑलिंपिकची बीएमएक्स स्टंटची फायनल कुणी पाहिली? ब्रिटनची शार्लट वर्दिंग्टन. (अळूवडींच्या गावाशी संबंध नाही.) पहिल्या फेरीत ३६० बॅकफ्लिप, म्हणजे उलटी कोलांटी मारता मारता गिरकी, मारताना आपटली. दोन फेऱ्यांतली चांगली धरतात, म्हणून दुसरीत सोपं काहीतरी करून पदक साधेल असं वाटलं. बाईनं तीच उडी परत मारली! ९७.५०, सोनं. मी गेममध्ये रीस्टार्ट दाबून दाबून काच झिजवली, साधी बॅकफ्लिप अजून सरळ उतरत नाही.

निवांत_नाना
गुडघेदुखीवर कुणी काही सांगेल का? जिने उतरताना कळ येते.

मी_अनु
नाना, डॉक्टरांना विचारून सायकलच चालवा. सीट उंच ठेवा, गुडघा फार दुमडू देऊ नका.

निवांत_नाना
सीट उंच केली तर पाय पोचत नाहीत हो.

सदाफुली
भाचीसाठी २० इंची बघतेय, सात वर्षांची आहे. ठाणे-मुलुंडकडे कुणाची जुनी पडून आहे का? @चेन_पडली, जुनी घेताना काय बघायचं?

चेन_पडली
चाक उचलून फिरवा, ब्रेकच्या गुटक्याला घासतंय का बघा. हँडल हलवून खुळखुळ येते का बघा. रंगावर जाऊ नका. हेल्मेट मात्र नवंच घ्या, जुनं कुणाचं घेऊ नका. आणि पेग नको.

सदाफुली
तिनं पहिलं पेगचंच विचारलंय.

झणझणीत
मुलुंडला माझ्याकडे आहे एक, मुलगा आता बुलेट मागतोय. व्यनि (खासगी निरोप) केलाय.